रात्रपाळीची सवय खरेच होते का?

गेल्या अंकात झोपेविषयी प्रश्न मागवले होते, तेव्हा आलेल्या टपालात रुग्णालयांत फिरत्या पाळ्या करणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे इतकी निघाली की हे पान त्यांच्यासाठीच राखून ठेवावे लागले. मी स्वतः ३१ वर्षे परिचारिका आणि त्यातली शेवटची ९ वर्षे अधिसेविका म्हणून काम केले असल्यामुळे उत्तरे देण्याचे काम संपादकांनी माझ्यावर सोपवले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी ४३ वर्षांची परिचारिका आहे. गेली १८ वर्षे आठवड्याला बदलणाऱ्या पाळ्या करत आले आहे. तिशीपर्यंत रात्रपाळी करून घरी गेले की दुपारी दोनपर्यंत गाढ झोप लागायची. आता अकरा वाजता डोळे उघडतात ते पुन्हा मिटत नाहीत, दिवसभर चिडचिड होते, पोट बिघडते. आमच्याच वॉर्डातल्या नव्या सिस्टर मात्र हसतखेळत सलग नाइट करतात. वरिष्ठ म्हणतात, "इतकी वर्षे झाली, अजून सवय नाही?" माझीच इच्छाशक्ती कमी पडते आहे का?

उत्तर : नाही. आपल्या वरिष्ठांचे हे वाक्य मीही कधीकाळी माझ्या हाताखालच्या मुलींना ऐकवले आहे, आणि आज ते आठवले की मला स्वतःचीच लाज वाटते.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंच्या फुलीच्या किंचित वर, सुमारे २०,००० पेशींचे एक केंद्र असते. शरीराचे घड्याळ म्हणतात ते हेच. बहुतेक माणसांत त्याचा फेरा चोवीस तासांपेक्षा थोडासा मोठा असतो आणि डोळ्यांवर पडणारा उजेड त्याला रोज वेळेवर आणतो. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते आणि सावधपणाही तिथेच तळ गाठतो. सकाळ होताच तापमान चढू लागते. आपण रात्रपाळी संपवून बाहेर पडता तेव्हा नेमके हेच घडत असते. वर सूर्य आलेला, डोळ्यांवर लख्ख उजेड, तापमान चढणीला लागलेले, आणि अशा शरीराला आपण अंथरुणावर नेऊन "आता झोप" असे सांगता. अकरा वाजता ते उठून बसते, यात त्याचे काहीही चुकत नाही. पेशीपेशींत चालणाऱ्या या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते फळमाशीवरच्या संशोधनासाठी. इच्छाशक्तीचा संबंध माशीशी लावता येणार नाही, एवढे तरी आपल्या वरिष्ठांना पटावे.

हे घड्याळ सरकते, पण हळू. ढोबळ मानाने दिवसाला तासभर. दिवसाची रात्र करायची तर त्याला आठवड्याहून अधिक काळ लागेल, आणि आपली पाळी तर आठवड्यालाच बदलते. म्हणजे घड्याळ अर्ध्या वाटेवर पोहोचते न पोहोचते तोच आपण त्याला परत फिरवतो. अठरा वर्षांत सवय झाली नाही याचे कारण सवय होण्याइतकी सवड त्याला एकदाही मिळाली नाही, हे आहे.

आता तरुण सहकाऱ्यांविषयी. १९३८ साली शिकागो विद्यापीठाचे नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन हे दोघे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस जाऊन राहिले. तिथे दिवसरात्रीचा उजेड पोहोचत नव्हता, आणि तिथे त्यांनी चोवीसऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून पाहिला. विशीतल्या रिचर्डसन यांचे शरीर नव्या दिवसाशी जुळले, क्लाइटमन यांचे मात्र शेवटपर्यंत चोवीस तासांनाच चिकटून राहिले. तेव्हा क्लाइटमन नेमके आपल्याच वयाचे, ४३ वर्षांचे होते. दोन माणसांच्या प्रयोगावरून नियम काढता येत नाही हे खरे, परंतु माणसामाणसांत फरक असतो आणि वय वाढले की दिवसाची झोप तुटक होते, हे पुढच्या अभ्यासांतही दिसून आले आहे.

उपाय सांगायचा तर झोप एकसंध मिळत नसेल तेव्हा ती ठरवून दोन तुकड्यांत घ्यावी : घरी आल्यावर जी चार-साडेचार तास लागेल ती, आणि पुन्हा ड्यूटीला निघण्यापूर्वी संध्याकाळी तास-दीड तास. अकरा वाजता जाग आली तर अंथरुणात तळमळत, स्वतःला दोष देत पडू नये. उठावे, आणि दुसरा तुकडा मात्र चुकवू नये. खोली शक्य तितकी काळोखी ठेवावी. याशिवाय एक गोष्ट आग्रहाने सांगते. चाळिशीनंतर झोप उडण्याला रक्तक्षय, थायरॉइड किंवा जवळ आलेली रजोनिवृत्ती अशी कारणेही असू शकतात, आणि आपण आरोग्यसेवेतली माणसे सगळे काही पाळीच्या माथी मारून स्वतःची तपासणी टाळतो. ती करून घ्यावी.

प्रश्न : रात्री किती कॉफी चालेल? आणि मध्येच पडून घेतले तर उलट जास्त सुस्ती येते, असे का?

उत्तर : कपांची संख्या मोजण्यापेक्षा वेळ पाहावी. पोटात गेलेले निम्मे कॅफिन शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात; काहींना कमी, तर गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना बरेच जास्त. म्हणून पहाटे पाचला घेतलेली कॉफी सकाळी नऊच्या झोपेत आडवी येते. कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्यावी आणि मध्यरात्र उलटल्यावर तासा-दोन तासांत थांबावे.

डुलकीचे म्हणाल तर वीस मिनिटांच्या आत उठले की बहुधा ताजेतवाने वाटते. त्यापुढे माणूस गाढ झोपेत उतरतो आणि तिथून उठवले गेल्यास पंधरा-वीस मिनिटे, कधी अर्धा तासही, डोके चालत नाही. तेवढ्या वेळात औषधाची मात्रा मोजण्याचे काम हाती घेऊ नये. डुलकीची मुभा ज्या वॉर्डात आहे तिथे ती उघडपणे, पाळीपाळीने आणि गजर लावून घ्यावी. खुर्चीत बसल्या बसल्या चोरून लागलेली डुलकी धड विश्रांतीही देत नाही आणि रुग्णाकडे लक्षही राहू देत नाही.

प्रश्न : माझी पत्नी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात घरात सगळे तिच्याशी जपून वागतात, तरी खटके उडतातच. ती म्हणते, मला कुणी झोपू देत नाही. आम्ही तर टीव्हीचा आवाजही कमी ठेवतो. आणखी काय करावे?

उत्तर : आपण विचारलेत याचेच मला कौतुक वाटते, कारण या विषयावर पतींची पत्रे अगदीच थोडी आली आहेत.

आवाज हा प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग असा की दिवसा घरात असलेले माणूस मोकळे आहे, असे सर्वांनी मनोमन गृहीत धरलेले असते. पाहुणे फोन करतात, शेजारी किल्ली ठेवायला येतात, मुलाला वही सापडत नाही, आणि प्रत्येक जण "फक्त एकच मिनिट" म्हणून दार लोटतो. सकाळी नऊ ते दुपारी दोन ही तिची मध्यरात्र आहे, असे धरून चालून पाहा. विजेचे बिल कुठे ठेवले आहे हे विचारायला रात्री अडीच वाजता आपण कुणाला उठवू का? मग सकाळी साडेअकरालाही उठवू नये. तिच्या पाळ्यांचा महिन्याचा तक्ता सर्वांना दिसेल अशा भिंतीवर लावावा, त्या वेळेत दार आणि फोन कोण पाहणार हे आधीच ठरवून ठेवावे, आणि ते "कोण" म्हणजे दर वेळी सासूबाईच असू नयेत.

खटक्यांबद्दल एक अनुभवाचा नियम सांगते. रात्रपाळीहून आलेल्या माणसाशी पैसे, मुलांचा अभ्यास आणि नातेवाईक या तीन विषयांवर झोप होईपर्यंत बोलू नये. माझ्या घरी हा नियम लागू होईपर्यंत लग्नाची सात वर्षे गेली होती.

आणखी एक. ती स्वतः दुचाकी किंवा मोटार चालवत घरी येत असेल, तर निदान शेवटच्या नाइटनंतर तिला आणायला जाता आले तर पाहावे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये मांडलेल्या प्रयोगात सतत १७ तास जागे राहिलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरली होती, आणि २४ तासांनंतर जवळपास ०.१ टक्का मद्य असल्याइतकी. आदल्या दुपारी झोप न मिळता रात्रपाळीला गेलेले माणूस सकाळी परतताना चोवीस तासांच्या आसपासच असते.

प्रश्न : मी वॉर्ड इन्चार्ज आहे. दर महिन्याची ड्यूटी लिस्ट लावणे ही मला शिक्षा वाटते. कुणाला सलग नाइट हव्या असतात, कुणाला एकही नको असते, आणि कशीही लावली तरी पक्षपाताचा आरोप होतोच. शास्त्रीयदृष्ट्या योग्य अशी काही पद्धत आहे का?

उत्तर : सर्वांना आवडेल अशी पद्धत नाही. मात्र कमी अपाय करणारी लिस्ट कशी असते, हे बऱ्यापैकी माहीत झालेले आहे.

पाळ्यांचा क्रम सकाळ, संध्याकाळ, रात्र असा पुढे जाणारा ठेवावा. घड्याळाचा फेरा चोवीस तासांहून मोठा असल्यामुळे उशिरा झोपणे त्याला सोपे जाते, लवकर झोपणे कठीण. चार्ल्स चाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातील एका खनिज कारखान्यात उलटा क्रम सुलट केला आणि पाळी दर आठवड्याऐवजी दर तीन आठवड्यांनी बदलली, तेव्हा कामगारांचे समाधान वाढले आणि उत्पादनही. दोन-तीन दिवसांनी बदलणारी पाळी बरी की अनेक आठवडे चालणारी, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पहिलीत शरीर दिवसाशी बांधलेले राहते, दुसरीत त्याला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. आपल्याकडे सर्रास चालणारी आठवड्याची पाळी मात्र दोन्हींचे दोष घेऊन बसली आहे. सलग नाइट शक्यतो तीनपेक्षा जास्त नसाव्यात.

याहून माझा आग्रह दुसऱ्याच एका गोष्टीसाठी आहे : संध्याकाळची करून लगेच दुसऱ्या दिवशी सकाळची लावू नये. रात्री साडेनऊला ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्णांची माहिती सोपवून, निघालेली सिस्टर साडेदहाला घरी पोहोचते, जेवून आवरून बारा वाजतात, आणि पहाटे साडेपाचला तिला पुन्हा उठायचे असते. रात्रपाळीचा गवगवा होतो, पण मुकाट्याने झोप खाणारी हीच जोडी असते. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळांविषयीच्या निर्देशात चोवीस तासांत सलग किमान ११ तासांची विश्रांती सांगितली आहे. आपल्याकडे नियम काहीही असो, लिस्ट लावताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवण्याजोगा आहे.

आता कटू भाग. तास कमी केले की चुका कमी होतात, असे सरसकट म्हणता येत नाही. ख्रिस्तोफर लँड्रिगन यांच्या २००४ च्या अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या २४ तास आणि त्याहून लांब चालणाऱ्या ड्यूट्या बंद केल्या, तेव्हा असे दिसले की जुन्या पद्धतीत गंभीर चुका सुमारे ३६ टक्के अधिक होत होत्या. त्याच संशोधकांनी सहा बालअतिदक्षता विभागांत केलेला मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात उलटेच घडले : ड्यूट्या आखूड केल्यावर चुका वाढल्या. खोलात गेल्यावर दिसले की नव्या पद्धतीत दर डॉक्टरमागे रुग्णांची संख्या वाढली होती, आणि तो फरक हिशोबात धरल्यावर वाढ उरली नाही. याचा अर्थ माणसे न वाढवता केलेली लिस्टची सुधारणा म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणे आहे. आपली लिस्ट दर महिन्याला फिसकटत असेल, तर दोष लिस्टचा आहे की रिक्त पदांचा, हे आकड्यांनिशी कागदावर मांडून वर पाठवावे. तोंडी गाऱ्हाणे विसरले जाते. आवक क्रमांक पडलेला कागद इतक्या सहज विसरता येत नाही.

पाळ्या आखूड झाल्या की ओव्हर देण्याघेण्याची संख्या वाढते, त्यामुळे तो ठरावीक साच्यात आणि रुग्णाच्या खाटेशी उभे राहून द्यावा. नऊ रुग्णालयांत निवासी डॉक्टरांसाठी असा साचा लागू केल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली नोंदले गेले आहे. माझ्या स्वतःच्या हातून पहाटे साडेचारला चुकीचे इंजेक्शन भरले गेले होते; दोन्ही अँप्यूल सारख्याच दिसत होत्या आणि मी लेबल वाचले आहे अशी माझी पक्की खात्री होती. शेजारच्या सिस्टरने ते मोठ्याने वाचले म्हणून निभावले. त्यानंतर पहाटे तीन ते सहा या वेळेत धोक्याची औषधे दोघींनी मोठ्याने वाचूनच द्यायची, असा दंडक मी माझ्या वॉर्डात घातला. तो घालायला पैसा लागला नाही, पण दुसरी सिस्टर लागली. म्हणजे पुन्हा मुद्दा तिथेच येतो.

प्रश्न : रात्रपाळीने कर्करोग होतो असे वाचले. मी ११ वर्षे करते आहे. नोकरी सोडावी का?

उत्तर : केवळ त्या बातमीवरून तरी सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्यांना 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले आणि २०१९ साली रात्रपाळीच्या कामाबाबत तोच निर्णय कायम ठेवला, हे खरे आहे. परंतु ही गटवारी पुरावा किती भक्कम आहे हे सांगते. धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. ६५ अंश सेल्सियसच्या वरची पेयेही याच गटात आहेत. माणसांवरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत : रूथ ट्रॅव्हिस आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली १० अभ्यासांतल्या सुमारे १४ लाख स्त्रियांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा रात्रपाळीमुळे स्तनांचा कर्करोग वाढल्याचे जवळपास दिसलेच नाही. नेहमीच्या तपासण्या वेळेवर कराव्यात, आणि वजन, रक्तदाब व साखर यांवर अधिक लक्ष ठेवावे, कारण फिरत्या पाळ्यांचा मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी असलेला संबंध अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे.

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे. नर्सिंगची पदवी घेऊन पुढच्या महिन्यात ब्रदर म्हणून रुजू होतो आहे. आई-वडील म्हणतात, रात्री जागून तब्येतीचे वाटोळे करून घेशील, दिवसाची नोकरी शोध. भत्त्याशिवाय रात्रपाळीत मिळण्यासारखे काही असते का?

उत्तर : असते, आणि वर इतके सगळे लिहून झाल्यावरही मी ते नाकारणार नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या वॉर्डात एक वृद्ध रुग्ण होते. हृदयाच्या औषधांचा घोळ होऊन ते वर्षात तिसऱ्यांदा दाखल झाले होते, आणि दिवसा राउंडला आलेला प्रत्येक जण त्यांना "गोळ्या नीट घेत जा" असे बजावून जात होता. एका रात्री तीनच्या सुमारास धाप लागली म्हणून मी त्यांना टेकून बसवले आणि श्वास स्थिर होईपर्यंत शेजारी थांबले. तेव्हा ते हळूच म्हणाले, "सिस्टर, मला वाचता येत नाही." मुलांनाही हे ठाऊक नव्हते. चिठ्ठीवरचे दिसत नाही असे सांगून ते इतकी वर्षे चष्म्याला दोष देत आले होते. मी त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिले. दिवसा, चार नातेवाईक आणि सहा डॉक्टर भोवती असताना, ते वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नसते.

रात्री वॉर्डात माणसे कमी असतात, म्हणून शिकायला अधिक मिळते. वरिष्ठ फोनवर असतात, समोर नसतात, आणि रुग्णाकडे पाहून "हे काहीतरी बिघडते आहे" असे ओळखण्याची नजर अशाच रात्रींनी तयार होते. सोबतच्या माणसांशी जडणारी मैत्रीही वेगळीच असते. माझ्या आजच्या तिन्ही जिवलग मैत्रिणी नाइटच्या आहेत. शिवाय सगळे जग कामावर गेलेले असताना मिळणारी सुट्टी असते, मुलांच्या शाळेतला दुपारचा कार्यक्रम असतो, रांग नसलेली बँक असते. या गोष्टी लहान वाटतील, पण वर्षानुवर्षांच्या हिशोबात त्या मोजाव्या लागतात.

मात्र ही कमाई तुमची आहे, हे विसरू नका. "सेवा आहे, समाधान मिळते ना?" असे म्हणून कुणी सलग सहा नाइट लावू लागले, तर त्या समाधानाचा आणि त्या लिस्टचा काही संबंध नाही, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगा. आई-वडिलांना सहा महिन्यांची मुदत मागा. त्या काळात रोजच्या झोपेचे तास एका वहीत लिहून ठेवा. दिवसाला सरासरी सात तास भरत असतील तर वही त्यांना दाखवा. पाचच भरत असतील तर त्यांच्याशी वाद घालण्यापूर्वी स्वतः ती नीट वाचा. आणि पहिला पगार झाला की आधी खोलीसाठी जाड, गडद रंगाचे पडदे घ्या.